लाकडी श्यांगछी सेट, घडीचा पट: मधल्या नदीवरच्या चार अक्षरांबद्दल थोडं जास्तच लिहितेय

चार स्टार देतेय. एक कापलाय तो सोबतच्या माहितीपत्रकापायी, आणि त्यावर खाली बरंच लिहिलंय, कारण सेट घेऊन महिना होत आला तरी माझं मन सारखं तिथंच जातंय.

आधी वस्तूचं सांगते. श्यांगछी म्हणजे चिनी बुद्धिबळ. सांगलीत बसून हे कुठून सुचलं असं कुणी विचारेल, तर आमच्या गावाला बुद्धिबळाचं वेड जुनं आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी इथं नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, किती पोरं तिथं घडली, स्वाती घाटे आमच्या सांगलीचीच, आणि माझे वडील, अण्णा, शाळेत असताना सुट्टीत तिथं जाऊन मोठ्यांचे डाव बघत तासन्‌तास उभे राहायचे. आता त्यांचं वय चौऱ्याहत्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मोबाईलवर खेळायला डॉक्टर नको म्हणतात, नेहमीचे जोडीदार काही गेले काही पुण्याला पोरांकडे गेले, म्हणून मी हातात धरून खेळता येईल असं काहीतरी नवीन शोधत होते आणि हे सापडलं. लेकीलाही सुट्टीचं काम झालं.

किंमत १,६४९ पडली, डिलिव्हरीसकट. सहा दिवसात येणार म्हणाले होते, अकरा दिवस लागले, पण त्या आठवड्यात पावसानं सगळीकडचे रस्ते बंद होते, आम्ही सगळे सकाळ-संध्याकाळ आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटावर गेलं तेच विचारत होतो, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पॅकिंग चांगलं. पटाचा एक कोपरा चेपलेला आला आणि काळ्या बाजूच्या एका प्याद्याची कड उडालेली होती, फोटो पाठवले, दुसरं प्यादं पाठवतो म्हणाले.

सोंगट्या म्हणजे गोल जाड चकत्या, कॅरमच्या सोंगटीपेक्षा मोठ्या नि वजनाला छान, वर अक्षर कोरलेलं, एका बाजूचं लाल रंगानं भरलंय, दुसऱ्या बाजूचं काळ्यानं. एकूण बत्तीस, एकेका बाजूला सोळा. लाकूड कसलं ते लिहिलेलं नाही पण वास चांगला येतो आणि हाताला गुळगुळीत लागतं. अक्षरांची भीती वाटत असेल तर सांगते, मला चार दिवस लागले, लेकीला एक संध्याकाळ. फक्त एवढं लक्षात ठेवा की लाल बाजूच्या हत्तीवर वेगळं अक्षर असतं आणि काळ्या बाजूच्या हत्तीवर वेगळं, प्याद्यांचंही तसंच, सुरुवातीला त्यात सगळे गोंधळतात.

खेळ आपल्या बुद्धिबळाचाच भाऊबंद वाटतो, आपल्या चतुरंगाशी त्याचं नातं असावं असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे, पण पहिल्याच डावात कळतं की घराणं तेच असलं तरी चाली वेगळ्या. सोंगट्या घरात ठेवायच्याच नाहीत, रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं ठेवायच्या. नऊ उभ्या रेघा, दहा आडव्या, म्हणजे नव्वद जागा. वजीर नाही. सेनापती आणि त्याचे दोन रक्षक एका छोट्या चौकटीतल्या महालातच फिरतात, बाहेर पडायचं नाही. आपण ज्याला हत्ती म्हणतो तसा सरळ धावणारा इथं रथ आहे, आणि इथला हत्ती तिरका दोन पावलं चालतो. घोडा आपल्यासारखाच, पण त्याच्या पायाशी कुणी उभं असलं तर त्याला त्या बाजूला जाता येत नाही. तोफ आहे, ती मध्ये एक सोंगटी असली तरच तिच्यावरून उडी मारून पलीकडची मारते, अण्णा तिच्यावर इतके खूश झाले की पहिले दोन दिवस दुसरं काही हलवायलाच तयार नव्हते.

आणि पटाच्या बरोब्बर मधोमध नदी.

म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाच-पाच आडव्या रेघांच्या मधला पट्टा रिकामा सोडलाय, उभ्या रेघा तिथं येऊन थांबतात, आणि त्या पट्ट्यात चार मोठी अक्षरं आहेत, दोन डावीकडं दोन उजवीकडं. हत्तीला ती नदी ओलांडता येत नाही. प्यादं पलीकडं गेलं की त्याला आडवं चालायची मुभा मिळते, मागं मात्र कधीच फिरता येत नाही. माहितीपत्रकात एवढंच आहे. बारीक इंग्रजी टायपात एक पान, चाली दिल्यात, शह-मात दिलीय, आणि त्या चार अक्षरांबद्दल एक ओळसुद्धा नाही. अण्णांनी पहिल्याच दिवशी चष्मा वर करून विचारलं, "अगं ही नदी कुठली? कृष्णा म्हणावी का वारणा म्हणावी, नाव असंल की तिला काहीतरी." मी पत्रक उलटसुलट करून बघितलं. नाही.

मग मोबाईलचा कॅमेरा धरून भाषांतर केलं. आलं ते असं: चूची नदी, हानची सीमा.

इथून मी वाचायला लागले ते तीन आठवडे वाचतच होते, रात्री लाईट गेली की मोबाईलच्या उजेडात, आणि जेवताना रोजचा वाचलेला भाग घरात सांगायचे. आता मला असं वाटतं की हा पट घेऊन ज्याला ही गोष्ट माहीत नाही त्याला अर्धाच सेट मिळालाय. चीनवर चारशे वर्षांच्या आसपास राज्य केलेली हान राजवट, जिच्या नावावरून तिथले बहुसंख्य लोक आजही स्वतःला हान म्हणवतात, ती उभी कशी राहिली त्याचा एक क्षण या पटावर थांबवून ठेवलाय, आणि विकणाऱ्याला त्याचं काही वाटलेलं नाही.

तर थोडक्यात नाही, नीट सांगते.

इ.स.पू. २२१ मध्ये छिन राज्याच्या राजानं बाकीची सगळी राज्यं जिंकून पहिल्यांदा सगळा चीन एका छत्राखाली आणला आणि स्वतःला पहिला सम्राट म्हणवून घेतलं. मातीच्या सैनिकांची फौज ज्याच्या थडग्याजवळ सापडली तो हाच. वजनं-मापं एक, लिपी एक, रस्ते, भिंती, आणि कायदे असे कडक की माणूस श्वास घ्यायला घाबरेल. इ.स.पू. २१० मध्ये तो गेला, धाकटा मुलगा गादीवर बसवला गेला आणि वर्षभरात सगळं पेटलं. पेटलं ते पावसानं, हे वाचताना आमच्या पत्र्यावर धो धो चालू होतं म्हणून असेल पण मला तो प्रसंग फार लागला. नऊशे माणसं सरकारी सक्तीनं सरहद्दीवर पहाऱ्याला निघालेली, वाटेत पावसानं रस्ता बंद, वेळेत पोचणं अशक्य, आणि उशिराला शिक्षा मृत्यूची. त्यातले दोघं, चेन शेंग आणि वू ग्वांग, म्हणाले की पोचलो तरी मरण, पळालो तरी मरण, मग लढूनच मरू. इ.स.पू. २०९. त्यांचं बंड काही महिन्यातच चिरडलं गेलं, पण तोवर गावोगाव लोक उठले होते.

त्या उठलेल्यांत दोन माणसं होती.

एक श्यांग यू. चू राज्यातल्या मोठ्या सेनापती घराण्यातला, अंगापिंडानं दांडगा, बंड सुरू झालं तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा. दुसरा ल्यू बांग. शेतकऱ्याच्या घरचा, पेई नावाच्या तालुक्यात एका छोट्या सरकारी चौकीचा प्रमुख, आपल्याकडच्या जुन्या चौकीवरच्या जमादारासारखं समजा. सम्राटाच्या थडग्याच्या कामावर कैदी पोचवायची ड्युटी लागली, वाटेत कैदी पळायला लागले, त्यानं हिशोब केला की पोचेपर्यंत कुणीच उरणार नाही, मग उरलेल्यांचीही दोरी सोडली आणि सांगितलं जा, मीपण जातो. काही जण गेले नाहीत, त्याच्याबरोबरच डोंगरात राहिले. पुढच्या सम्राटाचं सैन्य म्हणजे सुरुवातीला हे एवढंच.

श्यांग यूनं इ.स.पू. २०७ मध्ये जूलूला छिनच्या मुख्य फौजेचा कणा मोडला. नदी ओलांडल्यावर होड्या बुडवायला लावल्या, स्वयंपाकाची भांडी फोडायला लावली, तीन दिवसांचं अन्न जवळ ठेवलं, म्हणजे परतायचा विचारच कुणाच्या डोक्यात राहायला नको. माझी लेक हे ऐकून जेवायची थांबली होती. तोवर ल्यू बांग दुसऱ्या वाटेनं छिनच्या राजधानीत, श्यानयांगला, आधी पोचला, आणि शेवटचा छिन राजा त्याला शरण आला. तिथं त्यानं दोन गोष्टी घडू दिल्या ज्या मला सगळ्या लढायांपेक्षा मोठ्या वाटतात. छिनचे कडक कायदे रद्द करून लोकांना फक्त तीन कलमं सांगितली: खून करील त्याला मृत्यू, मारहाण करील त्याला नि चोरी करील त्याला गुन्ह्याप्रमाणं शिक्षा. आणि सगळे सरदार सोन्या-कापडाच्या कोठारांकडं धावत असताना त्याचा जुना गाववाला कारकून श्याओ हे सरळ दप्तरखान्यात गेला आणि नकाशे, कायद्याची पुस्तकं, वस्तीच्या नि जमिनीच्या नोंदी ताब्यात घेतल्या. कुठं किती माणसं, कुठला मुलूख तगडा, कुठला कमजोर, हे पुढच्या सगळ्या लढाईत ल्यू बांगला माहीत होतं ते त्या कागदांमुळं. मी स्वतः तलाठी ऑफिसात नोकरीला होते काही वर्षं, जुनं दप्तर गेलं की गाव कसं आंधळं होतं ते बघितलंय, म्हणून या माणसाबद्दल वाचताना मला फार आपलं वाटलं.

श्यांग यू मागून आला तो चिडून. होंगमेनला मेजवानी झाली, त्याचा म्हातारा सल्लागार फान झेंग कमरेचा जेडचा अलंकार तीनदा उचलून खूण करत होता की आत्ताच याला मारा, तलवारीचा नाच सुरू झाला तोही मारण्यासाठीच, पण श्यांग यूचं मन होईना, आणि ल्यू बांग बाहेर जाऊन येतो म्हणून उठला तो तिथून निसटलाच. मग श्यांग यूनं राजधानी जाळली, शरण आलेल्या राजाला मारलं, आणि मुलूख अठरा राजांत वाटला. ल्यू बांगला दिला डोंगरापलीकडचा कोपरा, त्यात हानचोंग होतं, म्हणून तो हानचा राजा. तिथनं हान हे नाव. स्वतः श्यांग यू चूचा अधिपती.

बघा, पटावरची चू नि हान ती ही.

पुढची चार वर्षं यांची लढाई. त्यात एक माणूस येतो, हान शिन, ज्याच्यासाठी मी वेगळा रिव्ह्यू लिहीन. पोटाला नव्हतं तेव्हा नदीवर कपडे धुणाऱ्या बाईनं त्याला कित्येक दिवस जेवू घातलेलं, बाजारात एका गुंडानं अडवून सांगितलं की मार मला नाहीतर माझ्या पायातून रांगत जा, तर हा रांगत गेला. श्यांग यूकडं होता, तिथं कुणी विचारलं नाही, ल्यू बांगकडं आला, तिथंही नाही, म्हणून निघून चालला, तर तो दप्तरवाला श्याओ हे रात्रीतनं त्याच्या मागं धावला आणि परत घेऊन आला, आणि ल्यू बांगला सांगितलं की बाकीचे सरदार मिळतील, हा दुसरा मिळायचा नाही. आणि ल्यू बांगनं ऐकलं, त्याला थेट मुख्य सेनापती केला. पुढं पाठीमागं नदी ठेवून लढाई जिंकली ती यानंच. अण्णा प्यादं नदीपार नेताना आता दर वेळी म्हणतात, "चालला हान शिन, मागं पाणी, आता पुढंच जायचं." मला माहितीय की सोंगट्यांच्या चाली या लढाईवरून ठरलेल्या नाहीत. हा खेळ हान शिननंच काढला अशी लोककथा आहे खरी, पण आजच्या रूपातला खेळ पक्का झाला तो बराच नंतर, सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, आणि त्या काळात, इसवी सनाच्याही आधी, तोफा कुठनं असणार. नंतरच्या लोकांनी खेळाच्या नदीला या लढाईचं नाव दिलं. पण दिलं ते किती विचारानं दिलं!

कारण ल्यू बांग लढाईत सारखा हरत होता हो. इ.स.पू. २०५ मध्ये तो श्यांग यूच्या राजधानीत, पेंगचेंगमध्ये, घुसला, जुन्या इतिहासात साडेपाच लाखावर फौजेचा आकडा दिलाय, आणि श्यांग यू फक्त तीस हजार निवडक फौज घेऊन परत आला नि सगळ्यांना नदीत लोटलं. पळताना गाडी हलकी व्हावी म्हणून ल्यू बांगनं स्वतःची पोरं गाडीतनं ढकलली आणि सारथ्यानं उतरून पुन्हा उचलून घेतली, एकदा नाही, पुन्हापुन्हा. हे वाचून मला रात्री झोप लागली नाही आणि लेकीला सांगावं का नको असं झालं होतं, सांगितलं शेवटी. त्याचा बाप आणि बायको शत्रूच्या हातात सापडली. मग श्यिंगयांगच्या बाजूला एका दरीच्या दोन्ही अंगांना दोन फौजा महिनोन्‌महिने समोरासमोर. श्यांग यूनं त्याच्या बापाला कापायच्या फळीवर ठेवून निरोप पाठवला की शरण ये नाहीतर उकळतो, तर यानं उलट कळवलं की आपण मानलेले भाऊ, माझा बाप तो तुझा बाप, उकळलास तर एक वाटी रस्सा मलाही पाठव. श्यांग यू म्हणाला चल दोघंच लढू, लोकांचे हाल कशाला, तर म्हणाला मी डोक्यानं लढतो, ताकदीनं नाही. तेव्हाच लपवलेल्या धनुष्यातून बाण सुटला आणि त्याच्या छातीत बसला, आणि यानं खाली वाकून पाय धरला नि ओरडला की माझ्या बोटाला लागलं, म्हणजे फौज घाबरायला नको. श्यांगछीत एक नियम आहे, दोन्ही सेनापती एका उभ्या रेघेत समोरासमोर, मध्ये कुणीच नाही, असे येऊ शकत नाहीत. मला तो नियम खेळताना दर वेळी हीच दरी आठवते, अलीकडं एक, पलीकडं एक.

आणि मग इ.स.पू. २०३. चूचं अन्न संपत आलेलं, मागनं रसद तोडली जात होती, पूर्वेला हान शिननं मुलूखच्या मुलूख घेतलेला. हानकडं धान्य होतं, श्याओ हे मागं बसून माणसं नि दाणागोटा न चुकता पाठवत होता, पण जिंकता येत नव्हतं. तेव्हा तह झाला. पिवळ्या नदीतनं काढलेला एक जुना कालवा होता, होंगगोऊ, आजच्या हनान प्रांतात, त्याच्या पूर्वेला चू, पश्चिमेला हान. बाप नि बायको परत मिळाली, फौजेनं आनंदानं आरोळ्या ठोकल्या.

पटावरची नदी म्हणजे तो कालवा. अण्णा म्हणाले, "म्हणजे नदी नव्हंच की, म्हैसाळच्या कालव्यासारखं काहीतरी." मी म्हटलं हो अण्णा, कालवाच.

आता खरी गोष्ट. श्यांग यू तह पाळून पूर्वेला परत निघाला. ल्यू बांगही परत निघणार होता. चांग ल्यांग आणि चेन फिंग या दोन सल्लागारांनी त्याला अडवलं, की अर्ध्याच्या वर देश आपला, समोरचे उपाशी नि दमलेले, आत्ता सोडलं तर वाघ पाळल्यासारखं होईल. आणि त्यानं तह मोडला, पाठलाग केला. हान शिन आणि फंग युए नावाचा त्याच्या बाजूचा दुसरा सरदार कबूल करून आले नाहीत म्हणून एकदा पुन्हा मार खाल्ला, मग त्यांना मुलूख देऊ केला तेव्हा ते आले, आणि गायश्याला श्यांग यू घेरला गेला. रात्री चारी बाजूंनी चूची गाणी ऐकू यायला लागली, त्याच्याच गावाकडची, आणि त्याला वाटलं आपला सगळा मुलूख गेला की काय. तंबूत यू नावाची त्याची आवडती सखी आणि आवडता घोडा, तो गायला आणि रडला. रात्रीतच वेढा फोडून निघाला, शेवटी अठ्ठावीस स्वार उरले. वू नदीच्या काठी एक नाववाला होडी घेऊन तयार होता, पलीकडं जा, अजून राज्य आहे म्हणत होता. श्यांग यू म्हणाला, आठ हजार पोरं घेऊन ही नदी ओलांडून आलो होतो, एकही परत नेत नाही, त्यांच्या आईबापांना कुठल्या तोंडानं भेटू. घोडा नाववाल्याला दिला आणि लढून स्वतःचा जीव घेतला. तिशीचा होता. इ.स.पू. २०२. त्याच वर्षी ल्यू बांग सम्राट झाला, हान राजवट सुरू झाली.

म्हणजे तुम्ही पट मांडता तेव्हा सोंगट्या उभ्या असतात त्या तहाच्या दिवशी. सगळे आपापल्या काठावर. आणि पहिलं प्यादं, पहिला रथ नदीपार गेला की तह मोडला. मला हे कळलं त्या रात्री मी पट उघडून नुसती बघत बसले होते. चिनी खेळाडू दोन हजार दोनशे वर्षांपूर्वीचा तो कालवा आजही रोज ओलांडतात, बागेत, चहाच्या टपरीवर, आणि माझ्या पैशात आलेल्या पत्रकात त्याला नुसतं नदी म्हटलंय.

लेक भांडलीच. "म्हणजे ल्यू बांगनं फसवलं की. श्यांग यू निघाला होता घरी." अण्णा काही बोलले नाहीत, सोंगट्या लावायला घेतल्या. मी विचार करून माझं मत सांगितलं ते इथंही सांगते: फसवलं, आणि त्याला दुसरं नाव द्यायची मला इच्छा नाही. पण राज्य उभं राहिलं ते काही त्या एका फसवणुकीवर नाही. सम्राट झाल्यावर त्यानं मेजवानीत सरदारांना विचारलं की मी का जिंकलो, आणि मग स्वतःच सांगितलं की तंबूत बसून हजार मैलांवरची लढाई ठरवण्यात मी चांग ल्यांगच्या जवळपास नाही, राज्य सांभाळून रसद पोचवण्यात श्याओ हेच्या नाही, फौज चालवण्यात हान शिनच्या नाही, पण या तिघांना मी कामाला लावू शकलो, आणि श्यांग यूकडं एक फान झेंग होता तोही त्याला नीट वापरता आला नाही. स्वतःबद्दल एवढं खरं बोलणारा राजा मला तरी दुसरा आठवत नाही. आणि पहिल्याच वर्षी फौज घरी पाठवली, भुकेपायी ज्यांनी स्वतःला विकलं होतं त्यांना सोडवायचा हुकूम काढला, शेतसारा पंधरावा हिस्सा केला. वर्षानुवर्षं ज्यांची पोरं रणात होती त्या बायांना हेच हवं असणार ना. दरबाराचे रीतिरिवाज बसवायला शूसुन तोंग नावाचा पंडित बोलावला कारण जुने सोबती दारू पिऊन महालाच्या खांबांवर तलवारी मारायचे, ते वाचताना मला गागाभट्ट आठवले, नवं राज्य उभं करताना तलवारीइतकीच विधी जाणणाऱ्या माणसाची गरज लागते.

पण हेही खरं की हान शिनला इ.स.पू. १९६ मध्ये मारलं, आणि त्याला राजवाड्यात बोलावून आणलं ते त्याच श्याओ हेनं, ज्यानं रात्रीत धावत जाऊन त्याला परत आणला होता. हे मी अण्णांना सांगितलं नाही अजून.

लेकीचं समाधान दुसऱ्याच गोष्टीनं झालं. सिमा छ्येन म्हणून जो मोठा इतिहासकार शंभरेक वर्षांनी झाला, हानच्याच नोकरीत होता, त्यानं श्यांग यूवरचं प्रकरण सम्राटांच्या भागात घातलंय, जो कधी सम्राट झालाच नाही. तेव्हापासून ती काळी बाजूच घेते, ती चू आहे म्हणते. अण्णा लाल, हान.

परत सेटकडं येते, घेणाऱ्यांना कामाचं. पटाची घडी बरोबर नदीवर पडते, बिजागरी तिथंच, त्यामुळं महिन्याभरात अक्षरांचा रंग चिरायला लागलाय, हे कंपनीनं सुधारायला पाहिजे, घडी तिथंच पडणार असेल तर अक्षरं रंगवू नका, कोरा. पावसाळ्यात पट किंचित फुगला, आम्ही रात्री तांदळाच्या डब्याचं वजन ठेवून सपाट केला, आता ठीक आहे. सोंगट्यांची पिशवी अगदीच पातळ, ती आईच्या जुन्या इरकल साडीची शिवून घेतली. वयस्कर माणसांसाठी अक्षरं मोठी नि ठळक आहेत, अण्णांना चष्म्याशिवाय दिसतात, यासाठी पूर्ण मार्क. आपलं बुद्धिबळ येणाऱ्याला दोन दिवसात खेळ जमतो, फक्त एक विसरू नका, चाल उरली नाही तर इथं बरोबरी नसते, ज्याची चाल संपली तो हरला. आम्ही पहिल्या आठवड्यात यावरनं दोनदा वाद घातला.

पत्रकाबद्दल विकणाऱ्याला सविस्तर लिहिलंय, पुढच्या छपाईत निदान चार ओळी घाला, चू कोण, हान कोण, कालवा कुठला. उत्तर आलंय की टीमला कळवतो. तोवर आमच्याकडं लेकीनं वहीच्या पानावर मराठीत लिहून झाकणाला आतून चिकटवलंय, पाहिजे असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, फोटो टाकते. तिनं शेवटी श्यांग यूचा घोडा काढलाय, तेवढा वगळून वाचा.

बदली प्यादं परवा आलं. रंग बाकीच्यांपेक्षा थोडा गडद आहे, चालतंय. लेक ते कायम मधल्या रेघेवर ठेवते आणि सगळ्यात आधी तेच नदीपार नेते.